फटीचं काम

गवंडी म्हणतो, चौकट वाकडी.
सुतार म्हणतो, भिंतच ओळंब्यात नाही.
दोघंही पैसे घेऊन गेलेले असतात.
पेंटर सगळ्यात शेवटी येतो
आणि त्यांच्या भांडणाच्या मधोमध
दोन सूत फट.

औसा रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
बिराजदारांच्या फ्लॅटमधली चौकट
सागवान म्हणून विकलेली.
दोन उन्हाळ्यांत आकसली
आणि भिंतीपासून अंग चोरून उभी राहिली.

सूनबाई म्हणाल्या, पुट्टी भरून टाका.
म्हटलं, ताई, पुट्टी कडक.
वैशाखात लाकूड आत ओढणार, श्रावणात फुगणार,
पुट्टी तडकणार आणि शिव्या मला.
मग सिलिकॉन?
ते मोरीत, बेसिनच्या कडेला.
त्याच्यावर रंग धरत नाही,
तेलाच्या बुधल्यावर पाणी मारल्यासारखा गोळा होतो.
इथं ॲक्रिलिक. घट्ट दह्यासारखं,
वाळल्यावरही थोडं ताणणारं,
भिंतीचा रंग निमूट अंगावर घेणारं.

नळीचं तोंड तिरपं कापायचं, फटीहून बारीक.
मुजाहिदला शिकवून दमलो.
पहिल्या दिवशी त्यानं आख्खं तोंड उडवलं
आणि चौकटीला मिशी काढली.
आधी धूळ झाडायची.
गन एका दमात ओढायची,
मध्ये शिंकलात तर गाठ.
मग ओलं बोट.

ओल्या बोटाला पाणी लागतं
आणि लातुरात नळ नवव्या दिवशी.
सूनबाईंनी आमटीची वाटी भरून दिली.
पुरेल का?
पुरलं. चार दरवाजे, दोन खिडक्या.
शेवटी वाटीत दूध झालं होतं.
कुंडीत ओतायला निघाल्या, म्हटलं नको, तुळस जाईल.

हे बोट घासून घासून असं झालंय
की रेशनच्या मशीनला मी मी वाटत नाही.
तीनदा टेकवतो.
चौथ्यांदा बायकोचं.

आतल्या खोलीत म्हातारे, शिवलिंगप्पा.
पलंगाच्या उशाशी भिंतीला केसाएवढी चीर,
तिच्या टोकाला शिसपेन्सिलीचं टिंब,
टिंबाखाली तारीख.
तिच्याखाली दुसरी. अशा अकरा.
टिंब एकच.
मी गाव विचारलं. त्यांनी सांगितलं.
मग त्र्याण्णव सालाचं काही विचारायचं उरलं नाही.

"ही बुजवू नगंस."
म्हटलं, आप्पा, ही प्लास्टरची. वाळताना पडते,
पायाशी तिचा संबंध नाही.
"तवाचा गवंडीबी हेच म्हनला हुता."

नळीच्या तोंडाशी थेंब जमत होता.
दारात सूनबाई. त्यांना पाहुणे यायच्या आत
भिंत सलग पाहिजे.
आप्पांनी माझ्या हातातल्या गनकडं पाहिलं.
"हे ताणतंय म्हनलास न्हवं?"
हो.
"मंग भिंत हालली तर हे झाकून घेनार."

वीस वर्षं मी हाच गुण सांगून
हा माल लावत आलो.

सूनबाई चहाला वळल्या.
मी गन खाली ठेवली,
मुजाहिदला पिशवीतली उरलेली पुट्टी भिजवायला लावली.
वाटीच्या तळातलं पाणी तेवढ्याला झालं.
पात्यानं चिरेत दाबली, पातळ,
कडक होणारी, न ताणणारी,
हललं की पहिली तडकणारी.
आप्पा चष्मा लावून जवळून बघत होते.
काही बोललो नाही. बिलातही धरली नाही.

रंगाचा दुसरा हात संध्याकाळी झाला.
टिंब गेलं, तारखा गेल्या, चौकट भिंतीला चिकटली.
शिडी खाली उतरवताना आप्पांनी विचारलं,
"वाळाया किती येळ?"
म्हटलं, रात्रभर तरी हात लावू नका.
त्यांनी मान हलवली
आणि उशाखालची पेन्सिल
ब्लेडनं तासायला घेतली.